ओढगस्तीच्या घरातला दशांश

महिन्याच्या पहिल्या आठवड्यात पगार हातात पडतो आणि त्याच संध्याकाळी त्याची वाटणी सुरू होते. घरभाडे, विजेचे बिल, मुलांची फी, बचत गटाचा हप्ता, किराणा दुकानातली मागची उधारी, आईचे रक्तदाबाचे औषध. ख्रिस्ती घरात या यादीत आणखी एक नोंद असते, ती दशांशाची. उत्पन्नाचा दहावा भाग प्रभूचा, तो मंडळीत नेऊन द्यायचा, ही शिकवण अनेकांच्या मनात लहानपणापासून रुजलेली असते. यादीची बेरीज पगारापेक्षा जास्त झाली की काय करायचे, हा प्रश्न त्या घरातल्या नवराबायकोसमोर उभा राहतो. पुष्कळदा तो घराबाहेर जात नाही. पाळकांना विचारावे तर आपला विश्वास उणा आहे असे त्यांना वाटेल ही धास्ती असते, आणि न विचारावे तर दर रविवारी दानाची थैली समोर आली की मनाला टोचणी लागते.

हा प्रश्न उघडपणे मांडला गेला पाहिजे. महाराष्ट्रातल्या प्रॉटेस्टंट मंडळ्यांचा मोठा भाग अशा घरांचा आहे, ज्यांच्याकडे वाडवडिलांची जमीन नव्हती आणि साठवलेला पैसाही नव्हता. दलित समाजातून ख्रिस्ती झालेल्यांना १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशामुळे अनुसूचित जातींच्या सवलतींबाहेर राहावे लागले. आज याच समाजात शिक्षक, परिचारिका, सरकारी नोकर आहेत, तसे कंत्राटावर राबणारे, रोजंदारीवर जाणारे, हंगामापुरते काम मिळणारेही आहेत. अशा घरात दहा टक्के ही कागदावरची संख्या राहत नाही. तिचा अर्थ महिन्याचे तेल-डाळ असा होतो, एखाद्या महिन्यात गॅसचे सिलिंडर असा होतो.

या बाबतीत सगळ्या ख्रिस्ती परंपरांचे एकमत नाही, हे आधीच स्पष्ट केलेले बरे. कॅथोलिक चर्च आज आपल्या लोकांकडून ठरावीक दहावा भाग मागत नाही. चर्चच्या गरजा भागवायला ज्याने त्याने आपल्या ऐपतीप्रमाणे हातभार लावावा, अशी तिथली शिकवण आहे. १९७० साली नागपुरात स्थापन झालेल्या उत्तर भारतीय चर्चच्या मंडळ्यांत सभासद वर्गणी, रविवारचे दान, उपकारस्तुतीचे अर्पण असे देण्याचे अनेक मार्ग चालत आले आहेत. बऱ्याचशा स्वतंत्र आणि नव्या मंडळ्यांत मात्र दशांश हा आज्ञापालनाचा प्रश्न मानला जातो आणि त्यावर वारंवार उपदेश होतो. ताण सर्वाधिक जाणवतो तो इथेच.

दशांशाच्या बाजूचे म्हणणे प्रथम नीट ऐकून घेऊ. ते हलके नाही.

पहिला मुद्दा क्रमाचा. अब्राहामाने मलकीसदेकाला दहावा हिस्सा दिला तो मोशेच्या नियमशास्त्राच्या कितीतरी आधी. याकोबाने बेथेल इथे दशांशाचा नवस केला तेव्हा तो घरातून पळालेला, उशाला दगड घेऊन उघड्यावर झोपलेला माणूस होता. म्हणजे देणे हे सुबत्तेनंतरचे काम आहे, असे या कथा मानत नाहीत. नीतिसूत्रांतही प्रथमउत्पन्नाने परमेश्वराचा सन्मान करण्याचा उपदेश आहे. उरलेल्यातून देण्याचा नाही. यामागचे शहाणपण रोजच्या अनुभवाला धरून आहे. सगळा खर्च भागल्यावर देऊ, असे म्हणणाऱ्याच्या हातात देण्यासाठी सहसा काही उरत नाही. पगार पंधरा हजारांवरून तीस हजारांवर गेला तरी गरजा तितक्याच वेगाने वाढतात. आधी बाजूला काढण्याची सवय नसेल तर बरे दिवस आल्यावरही हात सैल होत नाही.

दुसरा मुद्दा गरिबाच्या मानाचा. तू गरीब आहेस, तुझ्या पैशाची मंडळीला गरज नाही, असे कुणी म्हटले तर ते वरवर दयेचे वाटते. पण त्यात त्या माणसाला देणाऱ्यांच्या पंगतीतून उठवण्याचा अपमानही असतो. यरुशलेमच्या गरिबांसाठी पौल वर्गणी गोळा करत होता, तेव्हा स्वतः हलाखीत असलेल्या मासेदोनियातल्या मंडळ्यांनी आम्हालाही वाटा उचलू द्या म्हणून त्याला विनवले होते. मिझोराममध्ये विसाव्या शतकाच्या आरंभापासून बायका प्रत्येक वेळी भात शिजवताना मूठभर तांदूळ प्रभूसाठी बाजूला काढत आल्या आहेत. बुहफाय थाम या नावाने ओळखली जाणारी ही मूठ गोळा होते, विकली जाते, आणि तिच्यातून चर्चची कामे उभी राहतात. पैसा हातात नसलेल्या बायकांनी एक मोठे चर्च स्वतःच्या पायांवर उभे करायला मदत केली, ती या मुठीने.

मराठी मंडळ्यांच्या इतिहासातही हा धागा आहे. अमेरिकन मराठी मिशनचे काम १८१३ साली मुंबईत सुरू झाले आणि पुढे अहमदनगर जिल्ह्यात, म्हणजे आजच्या अहिल्यानगरात, पसरले. मंडळी परदेशातून येणाऱ्या पैशावर किती काळ चालणार, हा प्रश्न फार लवकर उभा राहिला. त्या मिशनच्या मूळ संस्थेचे सचिव रूफस अँडरसन १८५४-५५ साली हिंदुस्थानात आले, ते मंडळ्यांनी स्वतःचा खर्च, स्वतःचा कारभार आणि स्वतःचा प्रसार स्वतः करावा हा आग्रह घेऊनच. नारायण वामन टिळकांनी १९१७ मध्ये मिशनच्या पगारावर पाणी सोडले, त्यामागेही भारतीय ख्रिस्ती माणसाने परक्या पैशाच्या ओझ्याखाली राहू नये ही तळमळ होती. गरीब माणसांनी दिले म्हणूनच गावोगावच्या मंडळ्या टिकल्या. कापणीच्या उपकारस्तुतीला कुणी पायलीभर ज्वारी आणतो, कुणी कोंबडी, कुणी परसातला भोपळा, आणि त्याचा लिलाव होऊन मंडळीच्या पेटीत भर पडते. देण्याच्या या परंपरेला कमी लेखून चालणार नाही.

तिसरा मुद्दा पाळकांच्या पोटाचा. नहेम्याच्या काळात लोकांनी दशांश थांबवला, तेव्हा मंदिरात सेवा करणारे लेवी ते सोडून आपापल्या शेतांवर निघून गेले. आज लहान गावातल्या पाळकाचे मानधन अपुरे असते आणि तेही वेळेवर मिळेलच असे नाही. त्याच्याही मुलांची फी असते, त्याच्याही घरी म्हातारी आई असते. सगळ्यांनीच यंदा अडचण आहे म्हणून हात आखडला, तर त्याची चूल आधी विझते. तेव्हा दशांश मागणाऱ्या प्रत्येक पाळकाकडे संशयाने पाहणे हाही अन्यायच आहे.

आता दुसरी बाजू. तिची सुरुवात शास्त्रापासूनच करावी लागते, कारण दडपण येते ते शास्त्राच्या नावानेच.

लेवीय, गणना आणि अनुवाद या पुस्तकांत दशांशाचे जे नियम आहेत, ते जमिनीचे पीक, द्राक्षारस, तेल आणि गुराढोरांची वाढ यांविषयीचे आहेत. मजुराच्या रोजावर दहावा भाग बसवल्याचा उल्लेख त्यांत नाही. गणनामध्ये दशांश लेव्यांना मिळतो, कारण वतनाच्या वाटणीत त्यांना जमीन मिळाली नव्हती. अनुवादाचा चौदावा अध्याय तर आजच्या अनेक श्रोत्यांना चकित करील. तिथे दशांश आणणाऱ्या कुटुंबाने परमेश्वराच्या निवडलेल्या ठिकाणी जाऊन तो स्वतः खायचा आहे, आनंद करायचा आहे, आणि गावातल्या लेव्याला विसरायचे नाही. ठिकाण फार लांब असेल तर माल विकून पैसे न्यावेत आणि तिथे मनाजोगते खाणेपिणे विकत घ्यावे, अशीही मुभा आहे. आणि दर तिसऱ्या वर्षीचा दशांश गावातच साठवायचा आहे, तो लेवी, उपरी, अनाथ आणि विधवा यांनी पोटभर खावे म्हणून.

या तिसऱ्या वर्षाच्या नियमात आपल्या प्रश्नाची किल्ली आहे. दशांशाच्या व्यवस्थेत देणारे होते, तसे घेणारेही होते, आणि घेणारे कोण हे नियमानेच सांगितले होते. ज्याच्याकडे शेत नाही, ज्याचा कर्ता माणूस गेला, जो परक्या मुलखात पोट भरायला आला, त्याच्यासाठी तो साठा होता. आज नवरा वारल्यावर दोन घरची धुणीभांडी करून मुले वाढवणारी बाई त्या नियमाच्या कोणत्या बाजूला उभी राहील? तिच्याकडून दशांश मागण्याआधी, त्या दशांशातून तिला काय मिळाले, हे विचारायला नियमशास्त्रच आपल्याला भाग पाडते.

गरिबाच्या ऐपतीची दखल तर नियमशास्त्राने पदोपदी घेतली आहे. कोकरू आणण्याची ऐपत नसेल तर दोन होले किंवा पारव्याची दोन पिले चालतील. तेही जमत नसेल तर थोडे सपीठ चालेल. नवसाचे ठरावीक मोल देणे झेपत नसेल, तर याजकाने त्या माणसाची कुवत पाहून मोल ठरवावे. शेताच्या कडा कापायच्या नाहीत, पडलेली कणसे उचलायची नाहीत, ती गरिबांसाठी. रूथ बवाजाच्या शेतात गेली ती याच हक्काने. मरीया आणि योसेफ बाळ येशूला घेऊन मंदिरात गेले तेव्हा त्यांनी गरिबांसाठी नेमलेले पक्ष्यांचेच अर्पण केले, असे लूक सांगतो. त्या कुटुंबाला कुणी कमी विश्वासाचे म्हणणार नाही.

मलाखीचा तिसरा अध्याय दशांशाच्या उपदेशात हमखास येतो. देवाला लुबाडता, सगळा दशांश भांडारात आणा, मग आकाशाची दारे उघडतील, असा त्याचा रोख आहे. पण त्याच अध्यायात, याच्या काही ओळी आधी, मजुराची मजुरी अडकवणारे, विधवा आणि अनाथ यांना गांजणारे, उपऱ्याचा हक्क डावलणारे यांच्याविरुद्ध परमेश्वर स्वतः साक्ष देईल असे बजावले आहे. एकाच दमात आलेल्या या दोन गोष्टी आपण वेगळ्या करून वाचतो. मजुरी थकलेल्या मजुराला दशांशाची गोष्ट ऐकवायची आणि मजुरी थकवणाऱ्याला मजुरीची ऐकवायची नाही, हा संदेष्ट्याशी प्रामाणिकपणा नव्हे.

येशूच्या शिकवणीतही तोल आहे. पुदिना, शेप, जिरे यांचाही दशांश देणाऱ्या शास्त्री-परूश्यांना त्याने दटावले ते न्याय, दया आणि विश्वास सोडल्याबद्दल. दशांश देऊ नका असे तो म्हणाला नाही. हे करायचे आणि तेही सोडायचे नाही, असाच त्याचा आशय होता, हे मान्य केले पाहिजे. पण त्यानेच आईबापांना द्यायचे ते देवाला वाहिले आहे असे सांगून हात झटकणाऱ्यांना खडसावले. आईच्या औषधाचे पैसे थैलीत टाकून कुणी धार्मिक ठरत नाही, हा त्याचा सरळ निष्कर्ष आहे. विधवेच्या दोन टोल्यांची गोष्ट सांगताना आपण तिचे कौतुक करतो, आणि ते योग्यच आहे. मात्र मार्काच्या शुभवर्तमानात त्या गोष्टीच्या लगेच आधी विधवांची घरे गिळंकृत करणाऱ्या शास्त्र्यांविषयीचा इशारा आहे. तिने आपली सगळी उपजीविका टाकली हे येशूने पाहिले. तिच्यासारख्यांनी सगळी उपजीविका टाकावी असा नियम त्याने घातला नाही.

पौलाच्या पत्रांत ठरावीक टक्केवारी नाही. ज्याने त्याने मनात ठरवल्याप्रमाणे द्यावे, कुरकुरत किंवा जबरदस्तीने नको, असे तो करिंथकरांना लिहितो; जे जवळ आहे त्या मानाने देणे मान्य होते, जे नाही त्या मानाने नव्हे, असेही समजावतो; आणि दुसऱ्यांना स्वस्थता मिळावी म्हणून तुमच्यावर ओझे पडावे असा आपला हेतू नाही, हेही स्पष्ट करतो. घरच्यांची तरतूद न करणाऱ्याविषयी तीमथ्याला लिहिलेल्या पत्रातले शब्द फार कडक आहेत. रोमकरांना तर कोणाच्या देण्यात राहू नका असे सांगितले आहे.

इथे आपण बिलांच्या खऱ्या स्वरूपाकडे येतो. बिल म्हणजे आपल्या पैशाचा खर्च असे आपण मानतो, पण थकलेले बिल म्हणजे दुसऱ्याचा पैसा. किराणा दुकानदाराने विश्वासावर दिलेला माल, घरमालकाचे तीन महिन्यांचे भाडे, शेजारणीकडून घेतलेले उसने हे सगळे कुणाच्या तरी घामाचे आहे. तो दुकानदारही कदाचित तितक्याच ओढाताणीत असेल. त्याची उधारी थकवून दिलेला दशांश आपण त्याच्या खिशातून देतो. घेतलेले परत न करणाऱ्याला स्तोत्रकर्त्याने दुर्जन म्हटले आहे, आणि देणे देण्याची ताकद असताना शेजाऱ्याला उद्या ये म्हणू नका असे नीतिसूत्रांत आहे. त्यातही कर्ज काढून, दागिना गहाण ठेवून किंवा क्रेडिट कार्डाची थकबाकी तशीच ठेवून दशांश द्यायचा म्हटले, तर दर महिन्याला व्याज चढत जाते आणि पुढच्या वर्षी देण्याची शक्ती आणखी घटते.

दहावा भाग सर्वांना समान वाटतो, पण त्याचे वजन समान नसते. दीड लाख पगाराच्या माणसाने पंधरा हजार दिले तरी त्याच्या हाती एक लाख पस्तीस हजार उरतात. त्याला एखादी सहल कमी करावी लागेल. पंधरा हजार मिळवणाऱ्याने दीड हजार दिले की साडेतेरा हजार उरतात, आणि शहरात त्यातले निम्मे एका खोलीच्या भाड्यात जाऊ शकतात. म्हणून दहा टक्के हा एकाला सोयीचा उंबरठा आणि दुसऱ्याला न चढता येणारी पायरी ठरतो. पहिल्याने तेवढ्यावर समाधान मानणे आणि दुसऱ्याने त्यासाठी अपराधी वाटून घेणे, दोन्ही चूक आहे.

सर्वांत घातक आहे ते आश्वासन. आधी द्या, मग कर्ज फिटेल, नोकरी लागेल, आजार बरा होईल, आणि तसे झाले नाही तर तुमच्या देण्यात किंवा विश्वासात खोट होती. सारफथच्या विधवेने शेवटचे पीठ एलीयाला दिले आणि तिचे मडके रिकामे झाले नाही, ही साक्ष खरी मानणाऱ्यांचा मी आदर करतो. आजही अनेक घरांत दिल्यानंतर अनपेक्षित मदत आल्याचे अनुभव आहेत आणि ते नाकारण्याचा मला अधिकार नाही. पण अनुभवाचा हमीपत्र म्हणून वापर करता येत नाही. पंडिता रमाबाईंनी लिहून ठेवले आहे की १८७० च्या दशकातल्या दुष्काळात त्यांच्या कुटुंबाने देव पावेल या आशेने अनुष्ठाने आणि दानदक्षिणा यांत होते-नव्हते ते घालवले, आणि मग उपासमारीच्या त्या काळात आई, वडील आणि थोरली बहीण त्यांनी गमावली. पुढे त्या ख्रिस्ती झाल्या, आणि १८९६-९७ व १९०० च्या दुष्काळांत त्यांनी शेकडो मुलींना आणून केडगावात आसरा दिला. उपाशी माणसाकडून त्यांनी आधी दान मागितले नाही. आधी जेवू घातले. देवाला दिल्याने अन्न मिळेल अशी हमी देणारा उपदेश कोणत्याही धर्माच्या व्यासपीठावरून आला तरी त्याचे परिणाम तेच होतात, आणि ख्रिस्ती व्यासपीठ त्याला अपवाद नाही.

सक्तीचा दशांश काय करतो हे युरोपच्या इतिहासाने दाखवले आहे. इसवी सन ५८५ मध्ये मॅकोनच्या धर्मसभेने दशांश न देणाऱ्यांना बहिष्काराची धमकी दिली. ७७९ मध्ये शार्लमेनने त्याला राजाज्ञेचे बळ दिले. पुढची कित्येक शतके शेतकऱ्याच्या खळ्यावरून धान्य उचलले गेले. फ्रान्सच्या राज्यक्रांतीत १७८९ च्या ऑगस्टमध्ये जे विशेषाधिकार सर्वांत आधी रद्द झाले, त्यांत दशांशही होता. इंग्लंडने १८३६ साली धान्याऐवजी पैशाच्या रूपात त्याचे रूपांतर केले आणि १९३६ च्या कायद्याने तो संपवण्याची वाट धरली. जबरदस्तीने वसूल झालेल्या त्या दानाने चर्चविषयी जो कडवटपणा पिढ्यान्‌पिढ्या मागे ठेवला, त्याची भरपाई कोणत्याही भांडारातून झाली नाही.

दोन्ही बाजू ऐकल्यावर माझे मत असे आहे.

अडचण कोणत्या प्रकारची आहे, हे प्रत्येक घराने प्रथम प्रामाणिकपणे पाहावे. एक अडचण अन्न, औषध, निवारा आणि मुलांचे शिक्षण यांची असते. अशा घराने आधी ही गरज आणि लोकांची देणी भागवावीत, आणि दहा टक्के देता आले नाहीत म्हणून एक दिवसही अपराधी वाटून घेऊ नये. दुसरी अडचण आपण ओढवून घेतलेली असते. ऐपतीबाहेरचे लग्न, हप्त्यावर घेतलेला महागडा मोबाइल, शेजाऱ्याच्या बरोबरीने घेतलेली गाडी. अशा घराने दशांश झेपत नाही असे म्हणताना आधी या हप्त्यांकडे पाहावे. बिल थकले हे खरे, पण कोणते बिल, हेही तितकेच महत्त्वाचे आहे. तिसरी अडचण तात्पुरती असते. नोकरी गेली, कारखाना बंद पडला, पाऊस झाला नाही. तिथे देणे काही काळ कमी करावे आणि दिवस पालटले की पुन्हा वाढवावे.

पण देणे पूर्ण थांबवू नये, असे मला मनापासून वाटते. ओढगस्तीच्या घराने शंभर रुपये ठरवून दिले, पन्नास दिले, मूठभर तांदूळ दिला, मंडळीच्या आवाराची झाडलोट केली, आजारी सभासदाजवळ रात्र जागवली, तर ते दान अपुरे नाही. ते ठरावीक आणि आनंदाने असावे, एवढेच. कर्ज काढून देऊ नये. पती-पत्नींचे एकमत झाल्याशिवाय देऊ नये. एकाच्या धार्मिक समाधानासाठी दुसऱ्याला सावकाराच्या दारात उभे करणे हे अर्पण होत नाही. आणि जे सुखवस्तू आहेत त्यांनी गरिबाला दिलेल्या सवलतीआड लपू नये. त्यांच्यासाठी दहावा भाग ही सुरुवात आहे. गरीब भावाच्या थकलेल्या वाट्याची भरपाई करायला त्यांनी पुढे यावे, म्हणजे पाळकांच्या मानधनाला खीळ बसणार नाही.

मंडळीची जबाबदारी याहून मोठी आहे. देणाऱ्यांची नावे आणि रकमा वाचून दाखवण्याची प्रथा जिथे असेल तिथे ती बंद व्हावी. तिने श्रीमंताला मान मिळतो आणि गरिबाची मान खाली जाते. पैसा कुठे गेला याचा हिशेब वर्षाकाठी सभासदांसमोर यावा. जमलेल्या दानाचा ठरावीक भाग मंडळीतल्याच अडलेल्या घरांसाठी राखून ठेवावा, आणि तो मागताना कुणाला सर्वांसमोर उभे राहावे लागू नये. यरुशलेमच्या पहिल्या मंडळीत विधवांना रोजच्या वाटपात डावलले जाते अशी कुरकुर झाली, तेव्हा प्रेषितांनी ती विश्वासाची उणीव म्हणून उडवून लावली नाही. वाटपासाठी सात माणसे नेमली. १८३३ साली पॅरिसमध्ये फ्रेडेरिक ओझानाम आणि त्यांच्या सोबत्यांनी सुरू केलेली सेंट व्हिन्सेंट डी पॉल संस्था आज आपल्याकडच्या अनेक कॅथोलिक धर्मग्रामांत हेच काम करते : गरजू घरी जाऊन भेटायचे, गरज समजून घ्यायची, गाजावाजा न करता मदत करायची. प्रॉटेस्टंट मंडळ्यांनाही असे काही उभारणे अवघड नाही.

पाळकांनी दशांशाचा उपदेश जरूर करावा. फक्त मलाखी सांगताना अनुवादाचा चौदावा अध्यायही सांगावा, आणि दशांश न देणाऱ्या सभासदाला जाब विचारण्याआधी त्याच्या घरी जाऊन काय कमी आहे हे विचारावे. असे विचारले गेले तर काही सभासद दशांश पुन्हा सुरू करतील, काहींना मदत द्यावी लागेल, आणि काहींचा अनेक वर्षांचा अपराधीपणा त्या एका भेटीत निवळेल. शास्त्राने दशांश घेणाऱ्या भांडाराला रिकाम्या हातांची काळजी घ्यायला सांगितले आहे. ती काळजी घेणाऱ्या मंडळीला देण्याविषयी कुणाला धाक घालावा लागणार नाही. जी ती घेत नाही, तिने गरिबाच्या पगारातला दहावा भाग मागण्याआधी आपले स्वतःचे देणे चुकते करावे.